पान सोळा, पान एक

व्हॉट्सॲपवर कुणीतरी जुन्या पुस्तिकेची पीडीएफ पाठवतं. चोवीस पानांची, एखाद्या गावाच्या इतिहासाची किंवा कुणाच्या कवितांची. तुम्ही ती फोनवर उघडता. पहिल्या पडद्यावर डावीकडे मलपृष्ठ, उजवीकडे मुखपृष्ठ. इथवर ठीक. मग डावीकडे पान २, उजवीकडे पान २३. त्याखाली २२ आणि ३. डावीकडचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि उजवीकडे भलताच विषय संपत आलेला असतो. दोन-चार वेळा बोटांनी पान मोठं-लहान करून तुम्ही फाइल बंद करता. पाठवणाऱ्याची समजूत होते की हल्ली कुणी वाचतच नाही.

ती फाइल बिघडलेली नसते. ती वाचणाऱ्यासाठी केलेलीच नसते. ती छापखान्यासाठी असते. हीच पानं कागदाच्या दोन्ही बाजूंना छापली, कागद मधोमध दुमडून एकात एक घातले आणि घडीवर दोन पिना मारल्या, की ती १, २, ३ अशी सुतासारखी सरळ होतात.

अशा पुस्तिकांची पानं लावणं हे माझं काम. स्मरणिका, आरतीसंग्रह, संस्थांचे अहवाल, कवितांचे बारके संग्रह. या कामात प्रत्येक पुस्तिकेला दोन क्रम असतात, एक वाचायचा आणि एक छापायचा. या दोन क्रमांची गोष्ट छापील पुस्तकाइतकीच जुनी आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र तिला असं वळण लागलंय, की मराठीतल्या पुष्कळ पुस्तिका त्या वळणावर अडकून पडल्या आहेत. त्या कशा अडकल्या, हे सांगण्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

एक कागद घ्या

खरंच घ्या. साधा ए-फोर. मधोमध दुमडा, मग आडवा दुमडा, मग पुन्हा एकदा. तीन घड्या. हातात आठ पत्त्यांचं, म्हणजे सोळा पानांचं एक चिमुकलं पुस्तक आलं. कडा न कापता, कोपरे उचलून, पेन्सिलीनं पानांना १ ते १६ आकडे घाला. आता कागद पूर्ण उलगडा.

एका बाजूला खालच्या रांगेत ४, १३, १६, १ असे आकडे दिसतील आणि वरच्या रांगेत, डोक्यावर उभे, ५, १२, ९, ८. उरलेली आठ पानं मागच्या बाजूला. तुम्ही घडी दुसऱ्या दिशेनं घातली असेल तर जागा बदलतील. पण एक गोष्ट बदलणार नाही. जी पानं शिवणीच्या घडीवर एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यांची बेरीज करून पाहा. १६ अधिक १, १३ अधिक ४, १२ अधिक ५, ९ अधिक ८. सगळीकडे सतराच.

नियम एवढाच: पुस्तिकेची एकूण पानं अधिक एक. चोवीस पानांची पुस्तिका असेल तर बेरीज पंचवीस, म्हणून २ च्या शेजारी २३. दुसरा नियम यातूनच येतो. दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात, त्यामुळे पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच असावी लागतात. बावीस पानांची पुस्तिका होत नाही. एक तर दोन पानांचा मजकूर कापायचा, नाही तर शेवटी 'टिपणांसाठी' असं लिहून दोन पानं कोरी सोडायची. तुम्ही पाहिलेल्या अशा कोऱ्या पानांमागे बहुतेक वेळा हे गणित असतं.

आकडे घातलेल्या त्या कोऱ्या कागदी पुस्तकाला छापखान्यात डमी म्हणतात. एका वेळी छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याला म्हणतात फर्मा. पुस्तकाचा खर्च अजूनही फर्म्यांवर सांगितला जातो. 'किती पानं होतील?' असं लेखक विचारतो, तर छापणारा विचारतो, 'किती फर्मे?' एकाच वस्तूकडे दोन बाजूंनी पाहणारे हे दोन प्रश्न आहेत.

पोथीला घडी नव्हती

आपल्याकडच्या पोथीत ही भानगड नव्हती. पोथीचे पत्रे सुटे असत. आडवा पत्रा, दोन्ही बाजूंना लिहिलेला, वाचून झाला की उचलून पलीकडे ठेवायचा. लिहायचा क्रम, वाचायचा क्रम आणि गठ्ठ्यात ठेवायचा क्रम एकच. पत्रे विस्कटले तर आकडे पाहून पुन्हा लावता येत. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात छापखाने सुरू झाल्यावरही धार्मिक ग्रंथ कितीतरी वर्षं पोथीच्याच आकारात, सुट्या पत्र्यांवर छापले गेले. लोकांच्या हाताला आणि पाटाला तीच सवय होती.

युरोपात पुस्तक घडीतून आलं. मोठा कागद एकदा दुमडला की फोलिओ, दोनदा दुमडला की क्वार्टो, तीनदा दुमडला की ऑक्टेव्हो. ही नावं पुस्तकाच्या आकाराची वाटतात, पण मुळात ती घड्यांची आहेत. जितक्या घड्या जास्त तितकं पुस्तक लहान, आणि तेवढ्याच कागदात जास्त पानं.

व्हेनिसमधल्या आल्डस मॅन्युशियस या मुद्रकानं १५०१ साली व्हर्जिलच्या काव्यांची आवृत्ती काढली ती ऑक्टेव्हो आकारात. अभिजात साहित्य तोवर बहुधा जाडजूड, टेबलावर ठेवून वाचायच्या ग्रंथांत असे, मूळ काव्याभोवती टीकांचं कुंपण घातलेलं. आल्डसनं टीका काढून टाकल्या आणि फ्रान्चेस्को ग्रिफोनं कोरलेला तिरका, दाटीनं बसणारा टाइप वापरला. इटॅलिक म्हणून आपण आज जो वापरतो, त्याचा तो पूर्वज. पुस्तक हातात मावू लागलं, प्रवासात नेता येऊ लागलं. तुमच्या खिशातल्या फोनवरच्या पुस्तकाचा एक आजोबा तिथे आहे.

नंतर सतरा वर्षांनी, १५१८ मध्ये, मार्टिन ल्यूथरनं क्षमापत्रांच्या धंद्याविरुद्ध एक छोटं प्रवचन छापलं. लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या जर्मनमध्ये. ते आठ पानांत बसत होतं. म्हणजे एकच कागद, दोन घड्या. शिवायला बाइंडर नको, भांडवल नको, एका छापखान्यातली प्रत दुसऱ्या गावच्या छापखान्यानं पाहून पटकन छापावी इतकं सोपं. त्याच वर्षी ते अनेक शहरांत पुन्हा पुन्हा छापलं गेलं. कल्पना मोठी होती यात शंका नाही, पण ती एका कागदावर मावत होती, हेही तिच्या पसरण्याचं एक कारण आहे.

ज्याला मोठं व्यासपीठ मिळत नाही किंवा नाकारलं जातं, तो छोट्या पुस्तकाकडे वळतो, हे आपल्यालाही नवं नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणाच्या मजकुरावरून वाद झाला आणि परिषदच रद्द झाली. न झालेलं ते भाषण आंबेडकरांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या पहिल्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. आजही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात गेलात, तर रस्त्याकडेला मांडलेल्या पुस्तकांत किती पातळ पुस्तिका असतात ते पाहा. भाषणं, गाणी, चरित्रं, कायद्याची माहिती. दहा-वीस रुपयांत घेऊन झोळीत टाकता येतील अशा. त्या स्वस्त राहतात त्यात घडीचाही वाटा आहे.

हे गणित कुणाच्या डोक्यात असे

मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देवनागरी टाइपांचं कौतुक आजही होतं. पण छापखान्यातलं एक कौशल्य छापील पानावर कधीच दिसत नाही, ते म्हणजे पानं मांडण्याचं.

शिशाचे खिळे जुळवून पान तयार होई. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. अशी आठ किंवा सोळा पानं सपाट पृष्ठभागावर ठेवून, लोखंडी चौकटीत आवळून फर्मा तयार करायचा. पान उलटं, त्यातली निम्मी पानं डोक्यावर उभी, आणि शेजारी कोण तर बेरीज सतरा होईल ते. त्यातही खिळे उलटे असल्यामुळे डावं-उजवं अदलाबदल झालेलं. मांडणारा माणूस हे सगळं डोक्यात धरून एकेक पान जागेवर ठेवत असे. एक पान चुकलं तर पूर्ण कागद वाया, आणि ते कळायचं घडी घातल्यावर.

विसाव्या शतकात ऑफसेट छपाई आली आणि शिसं गेलं, तरी हे काम राहिलं. आता ते पेस्टिंग करणाऱ्याकडे आलं. पानांच्या प्रिंट काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून, आखलेल्या कागदावर चिकटवायच्या आणि त्यावरून प्लेट करायची. संगणक आल्यावरही सुरुवातीची काही वर्षं हेच चाले. डीटीपीवाला पानं १, २, ३ अशी करून ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून देई, आणि छापखान्यातला माणूस ब्लेड, फूटपट्टी आणि चिकटपट्टी घेऊन त्यांना १६, १ करत असे.

यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. तेव्हा दोन क्रम दोन वेगळ्या माणसांकडे, दोन वेगळ्या ठिकाणी होते. जुळणी करणाऱ्याकडे वाचायचा क्रम, छापणाऱ्याकडे छापायचा. त्यामुळे ते एकमेकांत मिसळत नसत.

सिएटलचा आल्डस

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात पॉल ब्रेनर्ड यांनी एक कंपनी काढली आणि तिला नाव दिलं आल्डस. व्हेनिसच्या त्याच मुद्रकाचं. १९८५ मध्ये या कंपनीचं पेजमेकर बाजारात आलं. त्याच वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटर आला होता आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पान वर्णन करणारी भाषा त्यात होती. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि टेबलावर मावेल असा जुळणी विभाग तयार झाला. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हे नाव ब्रेनर्ड यांनीच रूढ केलं. आपण त्याचं डीटीपी केलं. १९९४ मध्ये अडोबीनं आल्डस कंपनी स्वतःत सामावून घेतली.

मराठीसाठी पेजमेकर एकटा पुरला नसता. पुण्यात सी-डॅकनं भारतीय लिप्यांसाठी तंत्रज्ञान तयार केलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, इतर कंपन्यांचेही फॉण्ट आले. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीही 'येथे मराठी डीटीपी करून मिळेल' अशा पाट्या लागल्या. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक, पीएचडीचे प्रबंध, सगळं तिथून निघू लागलं. ज्या संस्थांना पूर्वी शिशाच्या जुळणीचा खर्च झेपत नव्हता, त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या पुस्तिका काढल्या.

पेजमेकरच्या पुढच्या आवृत्त्यांत 'बिल्ड बुकलेट' नावाची सोय होती. पानं ओळीनं लावून झाली की ती आज्ञा द्यायची. पिना मारायची पुस्तिका आहे की गठ्ठे करून चिकटवायचं पुस्तक, ते सांगायचं. शेकडो वर्षं माणसांनी डोक्यात वाहिलेलं ते सतराचं गणित संगणक क्षणात करून देई. एवढंच नाही, तो 'क्रीप'चाही हिशेब करी. कागद एकात एक घातले की आतले कागद किंचित बाहेर सरकतात. नेहमीच्या ८० ग्रॅम कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. सहा कागदांच्या पुस्तिकेत ते जाणवतही नाही, पण पंधरा-वीस कागद असतील तर कड कापल्यावर मधल्या पानांचा बाहेरचा समास स्पष्ट कमी दिसतो. म्हणून आतल्या पानांवरचा मजकूर शिवणीकडे केसभर सरकवायचा. पूर्वी हे पेस्टिंगवाल्याच्या अंदाजावर होतं.

मात्र 'बिल्ड बुकलेट' ही आज्ञा मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून एक नवी फाइल तयार करी, ज्यात दोन-दोन पानं जोडून, छपाईच्या क्रमानं बसवलेली असत. आता एकाच संगणकावर, एकाच फोल्डरमध्ये, जवळपास एकाच नावाच्या दोन फाइल. एकीत वाचायचा क्रम, दुसरीत छापायचा. छापखान्यात जाणार ती दुसरी. छापून झाल्यावर 'ही फायनल' म्हणून सीडीवर उतरवली जाणार तीही बहुधा दुसरीच.

यात पीडीएफची भर पडली. १९९३ मध्ये अडोबीनं हा प्रकार आणला तो अशासाठी की पान कुठल्याही यंत्रावर उघडलं तरी जसंच्या तसं दिसावं. छापखान्यांना हे फारच सोयीचं होतं. फॉण्ट नाही, ओळ सरकली, चित्र हरवलं, या तक्रारी संपल्या. हळूहळू छापखाने 'पीडीएफच द्या' म्हणू लागले. म्हणजे लावलेली, जोडलेली, छापायच्या क्रमातली पीडीएफ. पुढे तीच ईमेलनं आणि मग व्हॉट्सॲपनं वाचकांकडे गेली. पान जसंच्या तसं दिसलं, पण ते कागदावर कसं होतं तसं. हातातल्या पुस्तिकेत कसं होतं तसं नाही.

ओव्यांची चोवीस पानं

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक पुस्तिका आली. जात्यावरच्या ओव्यांची, चोवीस पानांची, नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका छोट्या संस्थेनं काढलेली. एका पट्ट्यातल्या चार-पाच गावांतल्या बायकांकडून ऐकून उतरवलेल्या ओव्या. गाणाऱ्यांपैकी आता कुणी हयात नव्हतं. छापील प्रत ना संस्थेकडे होती ना गावात. होती ती एक सीडी. तिच्यावर पेजमेकरची बुकलेट केलेली फाइल आणि तिची पीडीएफ. वाचायच्या क्रमातली मूळ फाइल कुणीही जपली नव्हती. गावातल्या मुलांना फोनवर वाचता येईल अशी प्रत त्यांना हवी होती.

पानांचं काम सोपं होतं. बारा जोड्या होत्या, प्रत्येक जोडी मधून कापली, चोवीस सुटी पानं झाली, बेरीज पंचवीसच्या नियमानं ती ओळीत लावली. अर्ध्या तासात पुस्तिका वाचता येऊ लागली. खरी अडचण पुढे होती. पीडीएफमधली ओवी निवडून कॉपी केली आणि दुसरीकडे चिकटवली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हांची खिचडी उमटली.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या काळातले मराठी फॉण्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी कळांची चिन्हंच असत, फॉण्ट त्यांना देवनागरी आकार चढवी. अर्धा म एका चिन्हाच्या जागी, काना दुसऱ्याच्या, रफार तिसऱ्याच्या. श्रीलिपीचा नकाशा वेगळा, आकृतीचा वेगळा, सी-डॅकचा वेगळा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली होती आणि तिच्यात देवनागरी होती, पण पेजमेकरनं शेवटपर्यंत, म्हणजे २००१ च्या सातव्या आवृत्तीतही, युनिकोड घेतलं नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, ती मी वापरली. त्यांना सगळ्यात जड जातं ते अक्षरांचा क्रम लावणं. 'कि' लिहिताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग क. जुने फॉण्ट जसं दिसतं तसं साठवत, आधी वेलांटी, मग क. युनिकोड जसं उच्चारलं जातं तसं साठवतं, आधी क, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, पण कागदावर तो य च्या डोक्यावर नंतर बसतो. या उड्या उलगडताना साधनं घसरतात. ओव्यांमध्ये तर बोलीतले शब्द, प्रमाण मराठीच्या शब्दकोशात नसलेले. साधन चुकलं आहे की बाई तसंच म्हणत होती, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. शेवटी त्याच भागातल्या एका आजींना बसवून चोवीस पानं मोठ्यानं वाचून दाखवली. जिथे त्या थांबल्या तिथे मी खूण केली. चोवीस पानांना तीन आठवडे लागले.

ते करताना माझ्या लक्षात आलं की पानांची आणि अक्षरांची गोष्ट एकच आहे. दोन्हीकडे आम्ही दिसणं साठवलं होतं, वाचणं नाही. कागदावर १६ आणि १ शेजारी दिसतात म्हणून तसंच साठवलं. वेलांटी आधी दिसते म्हणून तीही तशीच. छपाईपुरतं दोन्ही बरोबर होतं. कागद दुमडला की पानं सरळ होत होती, माणसानं वाचलं की अक्षरं सरळ होत होती. पण फोन कागद दुमडत नाही आणि शोधयंत्र डोळ्यांनी वाचत नाही.

याचा फटका कुणाला बसतो ते पाहा. दिसत नसलेली व्यक्ती फोनकडून मजकूर वाचून घेते. तिला अशी पीडीएफ मिळाली तर फोन एकतर गप्प बसतो, नाही तर चिन्हांची खिचडी वाचतो. अक्षरं धड असली तरी पान २ नंतर तिला २३ ऐकू येतं. एखादी विद्यार्थिनी आपल्या गावाचं नाव गुगलवर शोधते, त्या गावाची पुस्तिका इंटरनेटवर असूनही तिला सापडत नाही, कारण त्या पुस्तिकेत संगणकाच्या लेखी ते नाव नाहीच. मोठ्या लेखकांच्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघते, तेव्हा कुणीतरी ती पुन्हा टाइप करतं. चोवीस पानांच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघत नाही. तिच्याजवळ असते ती तेवढी एक फाइल.

घडी शेवटी

साधनं आता बदलली आहेत. अडोबीचं इनडिझाइन १९९९ मध्ये आलं. २००७ च्या आवृत्तीपासून त्यात 'प्रिंट बुकलेट' ही सोय आहे. ती नवी फाइल तयार करत नाही. मूळ फाइल सरळ क्रमातच राहते, फक्त प्रिंटरकडे जाताना पानं जोडली जातात. मला हा बदल वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा वाटतो. घडी आता फाइलमध्ये नाही, छापण्याच्या क्रियेत आहे. स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर पानं लावायला पुरेसं आहे. लिबरऑफिसच्या प्रिंटच्या खिडकीत 'ब्रोशर' असा पर्याय असतो, ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'बुकलेट' असा. साध्या, सरळ क्रमातल्या पीडीएफची पुस्तिका घरच्या प्रिंटरवरही होते.

ए-फोर दुमडला की बरोबर ए-फाइव्ह होतो, हीसुद्धा योजून केलेली गोष्ट आहे. कागदाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतकं ठेवलं, तर कितीही वेळा निम्मा केला तरी प्रमाण तेच राहतं. लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १७८६ च्या एका पत्रात हे नोंदवलं होतं, आणि १९२२ मध्ये जर्मनीनं त्यावर कागदाचे प्रमाणित आकार बसवले. म्हणून ए-फाइव्हवर लावलेली दोन पानं ए-फोरवर न ताणता, न कापता शेजारी-शेजारी बसतात.

तुम्ही कॉलेजच्या मंडळाची, कवितांची, आजोबांच्या आठवणींची पुस्तिका काढणार असाल, तर करायचं फार नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. पानं १, २, ३ अशी सरळ लावा. एकूण पानं चारच्या पटीत आणा. शिवणीकडचा समास थोडा जास्त ठेवा. रंग किंवा चित्र कडेपर्यंत जात असेल तर ते तीन मिलिमीटर बाहेर काढा, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहणार नाही. या सरळ फाइलची एक पीडीएफ करा, तिला 'वाचनप्रत' म्हणा. मग छापायच्या वेळी बुकलेट करा, दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटा, नाही तर मागची पानं डोक्यावर उभी राहतील. छापखान्याला जोडलेली पीडीएफच हवी असेल तर तिला 'छापप्रत' असं नाव द्या. आधी एकच प्रत काढून, दुमडून, पानं उलटून पाहा. वाचनप्रत लोकांना पाठवा, आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. छापप्रत हरवली तरी चालेल, ती वाचनप्रतीपासून केव्हाही पुन्हा करता येते.

आणि जुनी पुस्तिका असलेली एखादी सीडी घरात, शाळेत, ग्रंथालयात पडलेली असेल, तर तिच्यात पाहा. बुकलेट केलेल्या फाइलशेजारी कधीकधी त्याच नावाची, थोड्या आधीच्या तारखेची दुसरी फाइल असते. पहिलं पान उघडून शेजारचा आकडा बघायचा. १ च्या शेजारी मलपृष्ठ नसेल, आणि पुढच्या पडद्यावर २ आणि ३ दिसले, तर सगळ्यात अवघड काम वाचलं. नसेलच ती फाइल, आणि एखादी कागदी प्रत मिळाली, तर पानांचे स्वच्छ फोटो काढा. फोटोवरून अक्षरं ओळखणारी साधनं आता मराठी बऱ्यापैकी वाचतात. मात्र ज्यांच्या बोलीतलं ते लिखाण आहे, त्यांच्यातलं कुणीतरी ऐकायला शेजारी बसवा. ते ऐकणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.